दृष्टी गेल्यावर पहिला पैसा कुठे खर्च करायचा? नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

माझ्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात एक यंत्र पडून आहे. छापील कागदावर धरलं की मोठ्याने वाचून दाखवतं. २०१९ साली ६८ हजारांना घेतलं, निम्मे पैसे कर्ज काढून. विक्रेत्याने घरी येऊन दाखवलं तेव्हा त्याने इंग्रजी मासिकाचं पान झरझर वाचलं आणि आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्या दिवशी मी त्याच्यासमोर लाईटबिल धरलं. आकडे वाचले, मराठी मजकुरावर गप्प. सातबारा धरला, मुलाच्या शाळेची सूचना धरली, तेच. फोन केला तर उत्तर मिळालं, "भारतीय भाषा पुढच्या अपडेटमध्ये येतील." त्या आल्या नाहीत. कर्जाचे हप्ते मात्र अठरा महिने फेडले.

मला रेटिनायटिस पिगमेंटोसा आहे. आधी रात्री दिसेना, मग बाजूचं दिसेना, आणि छत्तिसाव्या वर्षी पतसंस्थेतल्या खतावणीचे रकाने एकमेकांत मिसळायला लागले. तेव्हा कुणी मला खर्चाचा क्रम सांगितला असता तर पैसेही वाचले असते आणि दोन वर्षंही. तो क्रम इथे देते आहे. घरात नुकतीच कुणाची दृष्टी गेली असेल तर काहीही विकत घेण्याआधी हे वाचा.

१. आधी दाखला, बाकी सगळं नंतर

सरकारी साहित्य, सवलत, नोकरीतलं आरक्षण, सगळ्याला यूडीआयडी कार्ड, म्हणजे सरकारी दिव्यांग ओळखपत्र, लागतं. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन करायचा, त्यात रुग्णालय निवडायचं, मग तपासणीला जायचं. बहुतेकांना जिल्ह्याच्या सिव्हिल हॉस्पिटललाच जावं लागतं. आधारवर नाव जसं आहे तसंच अर्जात टाका. आधारवर वडिलांचं नाव आणि अर्जात नवऱ्याचं, एवढ्या एका फरकाने बायकांचे अर्ज अडकतात.

ज्यांची नजर कडेने आत आत येते, म्हणजे माझा आजार किंवा काचबिंदू, त्यांनी पुढचं नीट वाचा. पहिल्या खेपेला मला फक्त तक्ता वाचायला लावला. मधली नजर शाबूत होती, मी अक्षरं वाचली. "बाई, तुम्हाला तर दिसतंय," म्हणून परत पाठवलं. पण २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अजिबात न दिसण्याखेरीज अंधत्वाची व्याख्या आणखी दोन प्रकारे केली आहे. चांगल्या डोळ्याची नजर चष्मा लावूनही ३/६० पेक्षा कमी (डोळसाला ६० मीटरवरून दिसतं ते ३ मीटरवरूनही न दिसणं), किंवा दृष्टिक्षेत्र, म्हणजे समोर बघताना दिसतो तो परीघ, १० अंशांपेक्षा कमी. यातलं एक पुरेसं आहे. अल्पदृष्टीच्या व्याख्येतही क्षेत्र धरलेलं आहे, ४० अंशांपेक्षा कमी ते १० अंशांपर्यंत. दुसऱ्या खेपेला मी दृष्टिक्षेत्राच्या तपासणीचा, म्हणजे पेरिमेट्रीचा, ताजा रिपोर्ट सोबत नेला आणि काम झालं. तो रिपोर्ट आधीच काढून ठेवा.

२. पंधरा दिवस फक्त वही

या काळात नातेवाईक फोन करतील, व्हिडिओ पाठवतील, बोलणारे चष्मे सुचवतील. घेऊ नका. घरातल्या कुणाला तरी रोज संध्याकाळी लिहून घ्यायला सांगा, की आज काय अडलं. माझ्या यादीत होतं: शंभरची आणि दोनशेची नोट एकसारखी लागते, बीपीची आणि थायरॉईडची गोळी ओळखू येत नाही, चहा कपाबाहेर जातो, एसटीची पाटी, मोबाईलवरचे मेसेज, ऑफिसचा संगणक, मुलाचा मराठीचा धडा.

आता या यादीकडे पैशाच्या नजरेने बघा. गोळ्यांसाठी एका पट्टीला रबर लावला, दुसरीला नाही, खर्च शून्य. चहासाठी कपाच्या कडेला बोटाचं टोक, आणि ओतताना बदलत जाणारा आवाज ऐकायचा सराव. नोटांसाठी रिझर्व्ह बँकेचं 'मणी' नावाचं ॲप आहे, १ जानेवारी २०२० ला आलं, फुकट आहे आणि इंटरनेटशिवाय चालतं. यादी निम्म्याने कमी होते. जे उरेल त्यावरच खर्च करायचा.

३. फोन, आणि तो शिकवणारा माणूस

पंधरा-वीस वर्षांपूर्वी बोलणारं घड्याळ वेगळं, पुस्तक ऐकायचं यंत्र वेगळं, रंग ओळखायचं वेगळं, टिपणं ठेवायचं वेगळं असायचं. प्रत्येक वस्तू थोड्या लोकांसाठी बनलेली, म्हणून महाग. २००९ साली स्क्रीनवरचं बोलून दाखवणारी सोय फोनातच आली, आयफोनवर व्हॉइसओव्हर आणि अँड्रॉइडवर टॉकबॅक, आणि हळूहळू ही सगळी यंत्रं एका फोनात मावली. ज्या वस्तूला डोळसही कोट्यवधींनी विकत घेतात तिच्यातच आपली सोय असली, तर तिची किंमत आपल्याला एकट्याला सोसावी लागत नाही. आपल्या बाजूने झालेला हा सगळ्यात मोठा बदल आहे, आणि घरोघर तो अजून माहीत नाही.

तुमच्याकडे अँड्रॉइड फोन असेल तर टॉकबॅक त्यात बहुधा आधीच आहे. सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटीत जाऊन सुरू करा. बहुतेक फोनांवर आवाजाची दोन्ही बटणं तीन सेकंद एकत्र दाबूनही ते सुरू आणि बंद होतं. मग 'टेक्स्ट टू स्पीच'मध्ये गूगलचा मराठी आवाज निवडा आणि तो फोनमध्ये उतरवून ठेवा, म्हणजे रेंज नसली तरी फोन बोलेल.

टॉकबॅक सुरू झालं की फोन वापरायची रीत बदलते. बोट ठेवलं की खाली काय आहे ते बोलतो. उघडायचं तर दोनदा टकटक. उजवीकडे सरकवलं की पुढची वस्तू. घरच्यांना हे आधी सांगा. आमच्याकडे सासूबाईंनी फोन हातात घेतला, एकदा दाबून काही होईना म्हणून "हँग झालाय" असं ठरवून बंद करून ठेवला. असं तीनदा झालं.

नवा फोन घ्यायचाच असेल तर मी या गोष्टी बघते: इअरफोनची पिन, बाजूच्या बटणावरच बोटाचा ठसा (काचेखालचा ठसा चाचपून सापडत नाही), किमान ६ जीबी रॅम आणि कमीत कमी जाहिराती. कॅमेरा ठीकठाक हवा, कारण कागद त्यानेच वाचायचे आहेत. आयफोन उत्तम चालतो, पण त्याच्यासाठी कर्ज काढायची काही गरज नाही. स्क्रीनचा उजेड सगळ्यात कमी ठेवा. बॅटरी टिकते आणि शेजारच्याला तुमचे मेसेज वाचता येत नाहीत.

पैसे पाठवताना पिन टाकायचा तो इअरफोन लावूनच. फोन आकडे मोठ्याने बोलू शकतो हे भाजीच्या गाड्यावर उभं राहिल्यावर कळायला नको.

फुकट ॲप्स पुष्कळ आहेत. 'बी माय आइज'वर व्हिडिओ कॉल करून अनोळखी स्वयंसेवकाकडून पाकिटावरची तारीख वाचून घेता येते. कॅमेऱ्यासमोर काय आहे ते बोलून सांगणारं मायक्रोसॉफ्टचं 'सीइंग एआय', गूगलचं 'लुकआउट' आहे. मराठी छापील मजकुरासाठी मी गूगल लेन्स वापरते. माझं ६८ हजारांचं यंत्र जे करू शकलं नाही ते काम लेन्स फुकटात करतं. एवढं पाळा: एटीएम कार्ड, ओटीपी आणि बँकेचे कागद स्वयंसेवकाला दाखवू नका, आणि औषधाचं नाव फक्त ॲपच्या भरवशावर घेऊ नका.

खरा खर्च शिकण्याचा आहे, आणि तो बहुतेक जण धरतच नाहीत. फोन हातात आल्यावर मी तीन महिने तो फक्त उचलायला वापरत होते. मग एका संस्थेत एक सर भेटले, स्वतः पूर्ण अंध. त्यांनी माझं बोट धरून स्क्रीनवर चार कोपरे फिरवले आणि म्हणाले, "आता याला पाटी समजा. चार कोपरे सापडले की मधलं सगळं सापडतं." आठ दिवसांत मी स्वतः मेसेज लिहिला. शिकवणारा शक्यतो अंध असावा. डोळस माणूस "ते निळं बटण दाबा" म्हणतो आणि तिथेच शिकवणी थांबते. राष्ट्रीय अंध संघटना म्हणजे नॅब, पुण्याची पूना ब्लाइंड मेन्स असोसिएशन, मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातलं दृष्टिहीनांसाठीचं केंद्र, अशा ठिकाणी चौकशी करा. लांब असाल तर जाण्यायेण्याचे, राहण्याचे आणि बुडालेल्या पगाराचे पैसे हिशेबात धरा. हातात दहा हजार असतील तर पाच शिकण्यासाठी बाजूला काढा, असं मी सगळ्यांना सांगते.

४. पांढरी काठी

घडीची काठी काही शे रुपयांत मिळते. उभं राहून जमिनीपासून छातीच्या हाडापर्यंत पोचेल एवढी लांब असावी. दुकानात बहुतेक वेळा आखूडच हातात देतात. टोक झिजतं, ते बदलायचं. वापरायची कशी हेही शिकावं लागतं, नुसती हातात धरून चालत नाही.

आयआयटी दिल्लीत तयार झालेली 'स्मार्टकेन' २०१४ साली आली. काठीच्या मुठीवर बसवायचं यंत्र आहे, ध्वनिलहरींनी पुढचा अडथळा ओळखतं आणि मूठ थरथरते. बाहेरून आणलेल्या तशा यंत्रांच्या किमतीशी तुलना केली तर ती फारच स्वस्त पडली, तीन-साडेतीन हजारांच्या घरात. साधी काठी जमिनीवरचं सांगते. पण रस्त्यावर उघडलेली खिडकी, उभ्या टेंपोचं मागचं फळकूट, वाकलेली फांदी या गोष्टी काठीला लागत नाहीत, थेट कपाळाला लागतात. माझ्या डाव्या भुवईवर चार टाक्यांची खूण आहे, ती खिडकीच्या गजाची. गुडघ्याच्या वरच्या या अडथळ्यांसाठी स्मार्टकेन उपयोगी आहे. फक्त आधी साध्या काठीने तीन-चार महिने चाला.

५. संगणक आणि पुस्तकं

विंडोजवर स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम, म्हटलं की लोक 'जॉज'चं नाव घेतात. चांगलं आहे, पण त्याचा कायमचा परवाना अमेरिकेत हजार डॉलरच्या आसपास जातो. घरी वापरायला 'एनव्हीडीए' घ्या. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणाने २००६ साली ते लिहायला घेतलं, जेम्स टे हा त्याचा अंध मित्र सोबत आला. डोळस माणसाला संगणकाच्या किमतीतच पडदा मिळतो, अंधाने पडद्यासाठी संगणकाएवढेच पैसे वेगळे का मोजावेत, हा त्यामागचा प्रश्न होता. तो सरळ आहे आणि मला मनापासून पटतो. एनव्हीडीए पूर्ण मोफत आहे, देणग्यांवर चालतं. पगार सुरू झाला की दरवर्षी थोडे पैसे तिकडे पाठवा.

ते पेनड्राइव्हवर टाकून ठेवता येतं. बँकेत, सायबर कॅफेत, परीक्षेच्या सरावाला दुसऱ्याच्या संगणकावर पेनड्राइव्ह लावला की तुमचा आवाज तिथे हजर. ८ जीबी रॅमचा जुना लॅपटॉपही पुरतो.

मराठीबाबत एक गोष्ट मनस्ताप देते. युनिकोडच्या (सगळ्या संगणकांना कळणाऱ्या अक्षरांच्या एका पद्धतीच्या) आधीच्या फाँटात टाइप केलेल्या फाइली डोळ्याला मराठी दिसतात, पण आतून ती इंग्रजी अक्षरंच असतात. स्क्रीन रीडर "जे, डब्ल्यू, स्लॅश, के" असं काहीतरी वाचत सुटतो. तुमचा संगणक बिघडलेला नाही. समोरच्याकडून युनिकोडमध्ये फाइल मागा, किंवा फाँट बदलून देणारा कन्व्हर्टर वापरा. तुम्ही स्वतः टाइप करायला इनस्क्रिप्ट हा मराठी कीबोर्ड शिका. कळांच्या जागा ठरलेल्या असतात, बोटांना लवकर बसतात.

पुस्तकांसाठी 'सुगम्य पुस्तकालय' हे ऑनलाइन वाचनालय आहे, २०१६ पासून, दृष्टिहीनांना मोफत. छापील पुस्तकाची आपल्याला वाचता येईल अशी प्रत करायला २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीने परवानगी दिली आहे, आणि अशा प्रतींना वाट मोकळी करणाऱ्या आंतरराष्ट्रीय माराकेश कराराला मान्यता देणारा भारत २०१४ साली पहिला देश ठरला. म्हणून पाठ्यपुस्तक स्कॅन करून मागायला संकोचू नका, तो तुमचा हक्क आहे.

६. ब्रेल डिस्प्ले महाग का, आणि कुणी घ्यावा

ब्रेल पाटी आणि कलम स्वस्त आहे, मूल असेल तर ते आजच आणा. भारती ब्रेल १९५१ पासून सगळ्या भारतीय भाषांना एकच आहे. क, ल, म यांचे ठिपके इंग्रजीतल्या के, एल, एम सारखेच, त्यामुळे मूल दोन्ही लिप्या एकदम शिकतं. फक्त ऐकून वाढलेल्या मुलाचं शुद्धलेखन कच्चं राहतं, हे मी शिकवणी घेताना पाहिलं आहे.

ब्रेल डिस्प्ले, म्हणजे संगणकावरचा मजकूर बोटाखाली ब्रेल ठिपक्यांत उठवणारं यंत्र, त्याचं वेगळं आहे. त्यात अक्षरागणिक आठ टाचण्या, आणि प्रत्येक टाचणी उचलायला विजेने वाकणारी एक पट्टी. ४० अक्षरांच्या ओळीला ३२० पट्ट्या. जगभरात घेणारे थोडे, म्हणून कारखान्यात मोठी संख्या निघत नाही आणि भाव उतरत नाही. ४० अक्षरांचं यंत्र दोन-तीन हजार डॉलरला जातं. 'ऑर्बिट रीडर २०' मुद्दाम स्वस्त तंत्राने बनवलं गेलं, आलं तेव्हा तेही सुमारे ५०० डॉलरचं होतं. आयआयटी दिल्लीनेही 'डॉटबुक' बनवलं आहे. ब्रेल रोज वाचणारा विद्यार्थी, प्रूफ तपासणारा, गणित-विज्ञान करणारा, किंवा जोडीला ऐकूही न येणारी व्यक्ती, यांनी जरूर घ्यावं. चाळिशीत दृष्टी गेलेल्यांनी आधी ब्रेल शिकावी, वर्षभर वाचावी, मग ठरवावं.

७. पैसे कोण देतं

केंद्राची एडिप योजना १९८१ पासून आहे. साहित्य बहुतेक वेळा कानपूरच्या 'अलिम्को' या सरकारी कंपनीकडून येतं. त्यात काठी, ब्रेल किट, स्क्रीन रीडरचा स्मार्टफोन, पुस्तक ऐकायचं डेझी यंत्र असतं. ४० टक्के दिव्यांगत्व लागतं. महिन्याचं उत्पन्न २२,५०० पर्यंत असेल तर साहित्य मोफत, ३०,००० पर्यंत असेल तर निम्म्या किमतीत. शिबिराच्या वेळी ताजी मर्यादा विचारून घ्या. आधी तपासणी शिबिर होतं, वाटप पुढे काही महिन्यांनी. तपासणीला नाव लागलं नसेल तर वाटपाच्या दिवशी जाऊन उपयोग नाही, लोक लांबून येऊन रिकाम्या हाताने परत जातात.

एक नियम लक्षात ठेवा. एकदा मदत घेतली की त्याच कारणासाठी पुन्हा तीन वर्षं मिळत नाही, बारा वर्षांखालच्या मुलांना एक वर्ष. म्हणून टेबलावर जे आहे ते घेऊन मोकळं होऊ नका. काठी आपण विकत घेऊ शकतो. फोन किंवा डेझी यंत्र मागा, यादीत काय काय आहे ते वाचून दाखवायला सांगा.

महाराष्ट्रात ग्रामपंचायत, नगरपालिका, महानगरपालिका आणि जिल्हा परिषद यांनी स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी ठेवायचा असतो. गावात बहुतेकांना हे ठाऊक नाही. अर्ज एप्रिल-मेमध्येच द्या आणि पोच घ्या. मार्चच्या शेवटी गेलात तर निधी संपलेला तरी असतो, नाहीतर घाईने भलतंच काहीतरी खरेदी झालेलं असतं.

नोकरीत असाल तर स्क्रीन रीडर आणि स्कॅनर घरच्या पैशाने घेण्याआधी कार्यालयाला लेखी मागा. सरकारी आस्थापनेने वाजवी सोय करून देणं २०१६ च्या कायद्याने बंधनकारक आहे. जॉजचा परवाना मागायचा तो इथे. बदली झाली तर यंत्र तुमच्याबरोबर येणार की टेबलावर राहणार, हे त्याच पत्रात विचारून ठेवा.

आयकर भरणाऱ्यांना दिव्यांग म्हणून ७५ हजारांची, आणि ८० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असल्यास सव्वा लाखाची वजावट आहे. खर्चाच्या पावत्या लागत नाहीत. मात्र ती जुन्या करप्रणालीतच मिळते, तेव्हा दोन्हीकडून हिशेब करून बघा.

८. विक्रेता घरी आला तर

त्याच्या हातातला नमुना कागद बाजूला ठेवायला सांगा. तुमचं लाईटबिल, रेशनकार्ड, मुलाचं पुस्तक द्या आणि तुमच्याच घरातल्या उजेडात वाचायला लावा. मग विचारा:

- मराठी आज वाचतं का? "येणार आहे" याला "नाही" समजा.
- बिघडलं तर कुठे पाठवायचं, कुरिअर कुणाच्या पैशाने, किती दिवस?
- बॅटरी बदलून मिळते का?
- दरवर्षी काही भरावं लागतं का?
- आठ दिवस घरी वापरून परत देता येईल का?
- हे यंत्र रोज वापरणाऱ्या, मराठी बोलणाऱ्या अंध माणसाशी फोनवर बोलायला मिळेल का?

शेवटच्या प्रश्नाला मी सगळ्यात जास्त किंमत देते. तेव्हा तो विचारला असता तर सौदा तिथेच थांबला असता.

९. कागदांची फाइल

- यूडीआयडी कार्ड आणि दिव्यांगत्वाचा दाखला
- आधार आणि रेशनकार्ड
- तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला (सेतूतून काढा. मुलासाठी किंवा घरच्यांवर अवलंबून असाल तर पालकांच्या उत्पन्नाचा लागतो)
- रहिवासी दाखला
- पासबुकाचं पहिलं पान
- पासपोर्ट आकाराचे सहा फोटो
- दृष्टिक्षेत्राचा रिपोर्ट, जुने डोळ्यांचे कागद

प्रत्येकाच्या तीन झेरॉक्स काढा आणि बोटाला कळतील अशा खुणा करा. माझ्या फाइलमध्ये आधारच्या झेरॉक्सचा उजवा वरचा कोपरा कापलेला आहे, यूडीआयडीला एक स्टेपल, उत्पन्नाच्या दाखल्याला दोन. फोटो काडेपेटीच्या रिकाम्या खोक्यात. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत संपते, म्हणून त्याची तारीख फोनमध्ये महिनाभर आधीच्या आठवणीसह टाकलेली आहे. टेबलामागच्या माणसाने "दाखला?" म्हटलं की मी फाइलमध्ये बोट फिरवते आणि दोन स्टेपलवाला कागद पुढे करते.